या नावाच्या स्त्रिया हव्या आहेत

वजनमाप निरीक्षकांच्या मुलीनं मंगळवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर त्यांच्या कपाशेजारी एक फॉर्म ठेवला. वर पेनही ठेवलं, टोपण काढून. निरीक्षकांनी सवयीप्रमाणे आधी कागद उलटा करून पाहिला, कारण घोटाळे मागच्या बाजूला असतात असा त्यांचा पंचवीस वर्षांचा अनुभव होता. मागची बाजू कोरी होती. घोटाळा पुढे होता. ‘नावात बदल करण्यासाठी अर्ज. अर्जदार अठरा वर्षांखालील असल्यास वडिलांची सही आवश्यक.’

“कुणाचं नाव?” त्यांनी विचारलं.

“माझं.”

निरीक्षकांनी पहिल्यांदा पाहिलं ते आतल्या खोलीच्या दाराकडे. दार लोटलेलं होतं. आत त्यांची आई रेडिओवरच्या बातम्या ऐकत होती. मुलीला ठेवलेलं नाव आईचंच होतं. ते इथे लिहीत नाही. लिहू नये अशी मुलीची अट आहे आणि या प्रकरणात तिनं आधीच पुष्कळ सोसलं आहे. नाव जुन्या वळणाचं होतं, पण सरळ होतं, आणि पंधरा वर्षं त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मग बाजारात फरशी पुसायचं एक हिरवं औषध आलं आणि कंपनीनं नेमकं तेच नाव उचललं. जाहिरातीत चिखलाचे बूट घालून नवरा दारात उभा राहतो, बायको आतून या नावानं हाक मारते आणि बाटली धावत येते. तेव्हापासून मुलगी वर्गात शिरली की मागच्या बाकांवरची मुलं मुकाट्यानं दोन्ही पाय वर उचलून धरत, खालून पुसून जाणार असल्यासारखी.

“हळू बोल,” निरीक्षक म्हणाले. “आजी ऐकेल.”

“मी हळूच बोलतेय. तुम्हीच घाबरलाय. एकवीस दिवस आहेत. महिनाअखेरीला शाळेच्या दाखल्यांची यादी बंद होते. नंतर कोर्टात जावं लागतं.”

इथे निरीक्षकांनी सही करून टाकली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्यांना आईची अठ्ठ्याहत्तर वर्षं आणि तिच्या उशाशी असलेली गोळ्यांची डबी दिसत होती. ते म्हणाले, “या नावाच्या केवढ्या मोठमोठ्या बायका होऊन गेल्यात इतिहासात, तुला कल्पना आहे का?”

“नाही. कोण?”

“आहेत.”

“मग पाच दाखवा,” मुलगी म्हणाली. “पाच सापडल्या तर मी विचार करीन. नाही सापडल्या तर सही.”

“चालेल,” निरीक्षक म्हणाले आणि दाढी करायला गेले. गालाला साबण लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला या नावाची एकच बाई माहीत आहे, आणि ती आत बातम्या ऐकतेय.

ही गोष्ट घरातच ठेवायची असं त्यांनी ठरवलं. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात काम करायची, दिवसभर लोकांना तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावायची. ती तेवढंच म्हणाली, “अहो, आईंना सरळ विचारा ना.” इतका सोपा उपाय निरीक्षकांना सहसा पटत नसे. त्याच संध्याकाळी त्यांची तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे दाढेची वेळ होती. डॉक्टर चांगला शेजारी होता, पण त्याला गप्पा मारायच्या त्या समोरच्याचं तोंड उघडं असतानाच.

“चेहरा पडलाय. काय झालं?” त्यानं तोंडात दोन बोटं आणि एक आरसा घालून विचारलं.

जीभ मोकळी नसतानाही निरीक्षकांनी सगळी हकीकत सांगितली, यावरून त्यांच्या मनावरचा ताण ओळखावा. डॉक्टरला ती समजलीही.

“एक राणी होती की या नावाची,” तो म्हणाला.

“कुह्ली?”

“आता कुठली ते नाही सांगता येणार. पण असणारच. राण्या काय कमी झाल्या? थुंका.”

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार भेटले. इमारतीत त्यांना ‘कलम’ म्हणत, कारण कुठल्याही विषयावर त्यांच्याकडे एक कलम निघायचं. दाढेची गोष्ट तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर बारा तासांत पोचली होती.

“नाव हे मालमत्तेत मोडत नाही,” कलम म्हणाले. “पण मोडतही असेल. मी बघून सांगतो. तोवर कशावरही सही करू नका. घरपोच आलेलं काही घेऊ नका. आईसाहेबांना कळलंय?”

“नाही, आणि कळता कामा नये.”

“मग तर काळजी घ्या,” ते म्हणाले आणि कसली काळजी ते न सांगताच उतरून गेले. निरीक्षक चौथ्या मजल्यावर राहत होते. ते थेट गच्चीपर्यंत गेले आणि तिथून परत खाली आले.

शनिवारी त्यांनी सार्वजनिक ग्रंथालय गाठलं. ग्रंथपालबाईंनी त्यांचं बोलणं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

“नुसत्या नावावरून नाही शोधता येत. आमच्याकडे सगळं आडनावावर लावलेलं आहे.”

“पण बाईची ओळख तिच्या नावानंच ना?”

“बायकांचं आडनाव वडिलांचं असतं, नाहीतर नवऱ्याचं. कपाट त्याप्रमाणे. तुम्हाला बाईच हवी असेल तर आधी तिचा नवरा शोधा.”

जुनी चरित्रकोशांची खोली मात्र होती. तिच्यासाठी अर्ज लागे, आणि सरकारी नोकर असल्यास त्याच्या कार्यालयाचं ‘हरकत नाही’ पत्र. निरीक्षकांनी स्वतः कितीतरी दुकानदारांना अशा पत्रांसाठी फेऱ्या मारायला लावल्या होत्या, तेही शांत चित्तानं. पत्र मिळवायला त्यांना स्वतःला चार दिवस लागले, आणि चौथ्या दिवशी ते अशा थराला आले होते की बाजारात एका भाजीवाल्याचा काटा दहा ग्रॅमनं कमी भरला तरी त्यांनी फक्त मान हलवली.

मग मात्र त्यांनी रोज ऑफिस सुटल्यावर त्या खोलीत बसायला सुरुवात केली. आठ खंड, बारीक टाइप, पिवळी पानं. घरी सांगितलं होतं, ऑडिट आहे. आई रोज विचारायची, “अजून संपलं नाही का रे ऑडिट?” आणि ते ‘होत आलंय’ म्हणत हात धुवायला जायचे. वजन दोन किलोनं उतरलं. ते त्यांना नक्की ठाऊक होतं, कारण ऑफिसात प्रमाणित काटा होता.

तेराव्या दिवशी त्यांनी टेबलावर टाचणं मांडली. आई देवळात गेलेली बघून, कोर्टात उभं राहावं तसे उभे राहून ते म्हणाले, “चार मिळाल्यात. पहिली, राणी.”

“किती वर्षं राज्य केलं?” मुलीनं विचारलं.

“अकरा दिवस.”

“मग?”

निरीक्षकांनी टाचण जरा लांब धरलं. “दिराला विष दिलं. म्हणजे तसा आरोप होता. पण कारभार चोख होता, असं लिहिलंय.”

“अकरा दिवसांत? पुढची.”

“दुसरी, पहिल्यांदा फुग्यातून आकाशात गेलेल्या बायकांपैकी. भर सभेत उडाली. हजारो लोक बघत होते.”

“आणि उतरली कुठे?”

“उतरल्याची नोंद नाही.”

बायको स्वयंपाकघरात खोकली. निरीक्षकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. “तिसरी, मोठी गणिती. तिच्या सिद्धांतावर पुढे पूल बांधले गेले.”

“पुस्तकात नाव आहे तिचं?”

“भावाचं आहे. छापलं भावाच्या नावानं. पण सगळ्यांना माहीत होतं.”

“बाबा,” मुलगी शांतपणे म्हणाली, “आपण नाव शोधतोय. आणि तुम्ही अशी बाई आणलीत जिचं नावच छापलं नाही.”

“चौथी,” निरीक्षक घाईनं म्हणाले, “साध्वी. चाळीस वर्षं एका खोलीत राहिली आणि शब्द बोलली नाही. लांबून लांबून लोक यायचे.”

“कशाला? ती बोलत नव्हती ना?”

या प्रश्नाचं उत्तर आठही खंडांत नव्हतं. मुलीनं चारही टाचणं गोळा केली, नीट एकावर एक ठेवली आणि त्यांना परत दिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. “विषवाली मी धरते,” ती म्हणाली. “एक झाली. चार राहिल्या. आठ दिवस.”

इथून पुढे निरीक्षकांची अक्कल काम करेनाशी झाली असं त्यांची बायको म्हणते, आणि तो आरोप त्यांनी कधी खोडला नाही. डॉक्टरनं सुचवलं की लोकांकडे जुने कागद असतात, पणज्यांच्या कहाण्या असतात, पेपरात छोटीशी जाहिरात द्यावी. कलम म्हणाले, द्या, पण मजकूर आटोपशीर ठेवा, जास्त शब्द म्हणजे जास्त जबाबदारी. निरीक्षकांनी लिहून दिलं: ‘या नावाच्या, इतिहासात होऊन गेलेल्या कर्तबगार स्त्रियांची माहिती हवी आहे. पत्राने कळवावे, किंवा संध्याकाळी सहानंतर घरी भेटावे.’ वर नाव, खाली पत्ता. पेपरच्या खिडकीवरच्या माणसानं मजकूर वाचला, जागा मोजली आणि म्हणाला, थोडं कापावं लागेल. निरीक्षक म्हणाले, कापा.

जाहिरात शुक्रवारी आली. निरीक्षकांनी ती पाहिली नाही. ते पहाटेच घाऊक बाजारात मोठे काटे तपासायला गेले होते. साडेपाचला ऑफिसात परतले तर टेबलावर बंद लिफाफा. आत साहेबांचा मेमो आणि त्याला टाचलेलं पेपरातलं कात्रण. जाहिरातीत उरलं होतं ते एवढंच: ‘या नावाच्या कर्तबगार स्त्रिया हव्या आहेत. तातडीने. संध्याकाळी सहानंतर घरी भेटावे.’ मेमोत म्हटलं होतं, कार्यालयीन कर्मचाऱ्याने अशा स्वरूपाची जाहिरात कोणत्या हेतूने दिली याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

निरीक्षकांनी कात्रण तीन वेळा वाचलं. ‘तातडीने’ हा शब्द त्यांचा नव्हताच. तो कुठून आला हे कधीच कळलं नाही. हाताच्या नाडीवर बोट ठेवून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मिनिटाला एकशे बारा ठोके मोजले आणि मग त्यांना आठवलं की संध्याकाळी सहाला दार कोण उघडतं. बायको सातला येते. मुलगी क्लासला असते. दार आई उघडते.

बस मिळेना. ते अर्धं अंतर चालले आणि अर्धं जवळजवळ धावले. जिन्यात कलम उभे होते. “अकरा वर गेल्यात,” ते गंभीरपणे म्हणाले. “मी मोजल्या. पुढेमागे साक्ष लागली तर मी आहे.”

घराचं दार उघडं होतं. आत कोच भरला होता, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या भरल्या होत्या, दोघीजणी पलंगावरून काढलेल्या गाद्यांवर बसल्या होत्या, आणि खिडकीशेजारच्या आरामखुर्चीत आई बसली होती. तिच्या मांडीवर पेपर होता.

“ये,” आई म्हणाली. “ऑडिट संपलं का?”

निरीक्षक पायपुसण्यावरच थांबले.

“सगळ्यांची नावं विचारून झाली,” आई पुढे म्हणाली. “सोपं होतं. आता कामं विचारतेय. या नर्सबाई. चार हजार मुलं झाली यांच्या हातून. या गोदीवर क्रेन चालवतात. या मुलांना पोहायला शिकवतात. या बाईंनी घराच्या भिंतीसाठी सव्वीस वर्षं खटला लढवला आणि जिंकला.”

“भिंत पडली होती तोवर,” खटलावाल्या बाई म्हणाल्या, “पण जिंकले.”

“आता यांना कशाला बोलावलंयस ते तू सांग,” आई म्हणाली. “मी कुणालाच काही सांगू शकले नाही. मला वाटलं, नोकरी असेल.”

निरीक्षकांनी तोंड उघडलं. नेमकी त्याच वेळी मुलगी क्लासहून आली. तिनं खोलीवर नजर फिरवली, बापाकडे पाहिलं, आजीच्या मांडीवरची जाहिरात वाचली आणि सगळं तीन वाक्यांत सांगून टाकलं: मला नाव बदलायचं आहे, बाबांना ते नकोय, कारण आजीला वाईट वाटेल.

मग नर्सबाई म्हणाल्या, “बाटलीमुळे का?”

“हो.”

“माझ्या वॉर्डातपण. मी आत गेले की पाय उचलतात. बाळंत झालेल्या बायकासुद्धा.”

आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. जी ती आपापली हकीकत सांगू लागली. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी ऑफिसच्या कागदांवर नाव अर्धं करून टाकलं होतं. सात जणींच्या मनात कधी ना कधी बदलायचं येऊन गेलं होतं, आणि दोघींनी हा फॉर्म कुठे मिळतो ते निरीक्षकांनाच विचारलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खर्चानं आपण विरुद्ध पक्षाची सभा भरवली आहे हे निरीक्षकांना हळूहळू समजत गेलं. फक्त क्रेनवाल्या बाई गप्प होत्या.

“तुम्हाला नाही त्रास झाला?” मुलीनं विचारलं.

“झाला. गोदीवर चौघेजण ती जाहिरात म्हणायचे.” त्या रुंद खांद्यांच्या होत्या आणि सावकाश बोलायच्या. “एकदा मी आकडा खाली घेतला. त्यांच्या डोक्याच्या वर, एवढासा. आणि वरून सांगितलं, पुन्हा म्हणा. तेव्हापासून नाही म्हणत.”

मुलगी हसली. पंधरा दिवसांत घरात कुणी हसल्याचं निरीक्षकांनी पहिल्यांदा ऐकलं. पण त्यांचं लक्ष आईकडे होतं. तिनं पेपराची घडी केली होती आणि ती पुन्हा पुन्हा बोटानं दाबत होती.

“आई, गोळी देऊ?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“गोळी कशाला? मला वाईट वाटेल हे तुला कुणी सांगितलं?”

“तुझंच नाव आहे ना.”

“माझं नाही ते,” आई म्हणाली.

अकराही जणी थांबल्या.

“माझ्यावर एक बहीण होती. चार वर्षांची होऊन गेली. हे तिचं नाव. मी दोन वर्षांची होते, माझं वेगळं होतं. पण आईच्या तोंडून दिवसभर तीच हाक जायची. अंगणात कुणी नसायचं आणि ती हाक मारायची. मग घरातल्यांनी ठरवलं, मला तिकडे पाठवायचं. हाक आली की मी जायचं. पुढे तेच नाव झालं. मला मावशीनं सांगितलं, लग्नाच्या आधी.”

निरीक्षकांना खुर्ची हवी होती, पण त्यांच्या घरात एकही रिकामी नव्हती. ते पायपुसण्यावरच उभे राहिले. “मग हिचं ठेवलं तेव्हा बोलली का नाहीस? तू रडली होतीस.”

“रडले. तुला वाटलं आनंदानं.”

“पण सांगायचंस तरी.”

“तू नोंदणी करून, शिक्का मारून घेऊन आला होतास,” आई म्हणाली. “आणि इतका खूश होतास. मी म्हटलं, राहू दे.”

निरीक्षकांना एवढं लहान कधीच वाटलं नव्हतं. एखाद्या वरिष्ठानं सगळ्या बाजारासमोर त्यांचा स्वतःचाच काटा खोटा ठरवावा तसं झालं. बायको तेवढ्यात दारात आली, तिनं माणसं मोजली आणि काही न विचारता आत चहा टाकायला गेली. नर्सबाई आणि क्रेनवाल्या बाई तिच्या मदतीला गेल्या.

“तुझं आधीचं नाव काय होतं?” मुलीनं विचारलं. आजीनं तिला जवळ ओढून कानात सांगितलं. साठ-सत्तर वर्षांत तिनं ते उच्चारलं नसावं, कारण पहिल्यांदा ते नीट निघालंच नाही. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

मेमोचा खुलासा निरीक्षकांनी चार पानांत दिला. साहेबांनी उलट टपाली विचारलं की आलेल्या स्त्रियांची यादी नावानिशी जोडावी. निरीक्षकांनी जोडली. ती शेरा मारून परत आली: ‘एकच नाव अकरा वेळा लिहिले आहे. चूक दुरुस्त करून फेरसादर करावे.’ हा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

सोमवारी वर्गात मागच्या बाकावरच्या एकानं पाय उचलले. मुलगी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आणखी वर.” त्यानं घेतले. “धर तसेच,” ती म्हणाली आणि बाई वर्गात येईपर्यंत हलली नाही. घरी येऊन तिनं स्वतःचा कोरा फॉर्म निरीक्षकांपुढे सरकवला. “माझं राहू दे. आवडलं असं नाही. पण आता ते फक्त माझंच होणार आहे, तर बघू. हा आजीला चालेल का?”

चालत नव्हता. प्रौढांसाठी वेगळा फॉर्म होता, फिकट निळा. तो घेऊन बुधवारी सगळं कुटुंब नोंदणी कार्यालयाच्या चौथ्या खिडकीपुढे उभं राहिलं. दीड तासानं नंबर आला. आतल्या कारकुनानं फॉर्मवरची जन्मतारीख वाचली आणि काचेतून आजीकडे पाहिलं.

“आजी, आता या वयात?”

“याच्या आधी वेळ मिळाला नाही.”

“नव्या नावाचा काही पुरावा?”

“नवं नाही ते. जुनं आहे. पुरावा नाही.”

“मग या नावानं तुम्हाला ओळखणारं कुणी?”

“होते,” आई म्हणाली. “आता कुणी उरलं नाही.”

कारकुनानं पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. “तसं असेल तर कठीण आहे हो. या नावानं हाक मारणारा एक तरी साक्षीदार लागतो. नियमच आहे.”

“मी मारते,” मुलगी म्हणाली.

“कधीपासून?”

“शुक्रवारपासून.”

त्यानं नियम काढून वाचला. किती दिवसांपासून हे त्यात दिलेलं नव्हतं. “पण तू अठराची नाहीस,” तो म्हणाला आणि निरीक्षकांकडे वळला. “तुम्ही मुलगा ना? तुम्ही मारता का यांना या नावानं हाक? मारत असाल तर इथे सही करा. खोटी साक्ष देऊ नका म्हणजे झालं.”

निरीक्षकांनी पेन हातात घेतलं. पंचवीस वर्षांत त्यांनी खोट्या मापावर शिक्का मारला नव्हता. मागे रांग वाढत होती, कुणीतरी घड्याळ बघत होतं. आईला त्यांनी जन्मात ‘आई’ सोडून दुसरी हाक मारलेली नव्हती, आणि ती अशी, चार माणसांत मारायची म्हणजे त्यांचे कान गरम झाले. ते तिच्याकडे वळले. घसा साफ केला. मग अगदी हळू, पण स्पष्ट, ते नाव घेऊन त्यांनी तिला हाक मारली.

आईनं ओ दिली.

निरीक्षकांनी सही केली.